संग्रहालयात आधी काय बंद करायचं

स्वमग्न मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी संग्रहालय सोयीचं करायचं म्हटलं की समितीच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय आणावं लागेल?" माझं उत्तरही ठरलेलं. काही आणू नका, आधी बंद करा. जे वाजतं, जे लुकलुकतं, ज्याचा वास नाकात जातो ते बंद करा. बंद होत नसेल तर कमी करा. एवढं झाल्यावर पैसे उरले तर काय आणायचं ते बघू.

मी खानापूर तालुक्यातली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. गावच्या वाचनालयाच्या माडीवर एक वस्तुसंग्रह आहे, त्याची किल्ली माझ्याकडे असते. नांगर, पाभर, जाती, मापं, तांब्या-पितळेची भांडी, दोन-चार तलवारी, मोडी कागदांची दप्तरं, फौजेत गेलेल्यांच्या घरातून आलेली पदकं आणि बूट. भाचीचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणून मी ह्या विषयात पडले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी ह्या पट्ट्यात असे छोटे संग्रह बरेच आहेत: कुठं वाचनालयात, कुठं मठात, कुठं शाळेच्या एखाद्या खोलीत, कुठं जुन्या वाड्यात. त्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. आईवडिलांच्या कामाचं थोडं शेवटाकडे आहे.

थोडी ओळख. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा आजार नव्हे. मेंदूची घडण लहानपणापासूनच वेगळी असते. कुणी बोलत नाही, कुणी नाण्यांवर तासभर बोलतं आणि तुम्हाला मध्ये तोंड उघडू देत नाही. बहुतेकांना आवाज, उजेड, वास, स्पर्श हे आपल्यापेक्षा जास्त तरी लागतात नाहीतर कमी तरी. एकाच मुलाला शिट्टी सहन होत नाही, पण अंगावर जड गोधडी घेतली की बरं वाटतं. आणि ही सोय फक्त त्यांच्यासाठी नाही. अर्धशिशीवाले, फीट येणारे, कानाला यंत्र लावणारे आजोबा ह्यांनाही ती लागते. आमच्याकडे घरटी फौजी. तोफांचे आणि गोळीबाराचे आवाज लावून लढाई दाखवली की एखादा माजी सैनिक न बोलता जिना उतरून जातो. तेही ह्यातच आलं.

स्टूल टाकून बसा

पहिलं काम फुकटचं आहे. संग्रह उघडा, रोज जे चालू असतं ते सगळं चालू करा, मधोमध स्टूल टाका आणि डोळे मिटून दहा-पंधरा मिनिटं बसा. एकटेच बसा, दोघं बसलात की गप्पा होतात. मग जे ऐकू येईल ते लिहून काढा. आमच्या यादीत होतं: पंख्याची टकटक, ट्यूबलाइटची घूं घूं, वीज गेल्यावर इन्व्हर्टरचा बीप, खाली वाचनालयात फरशीवर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या, तावदानात पारवे, आणि वळणावर हॉर्न दाबणारी बस. बसचं काही करता येत नाही. बाकी सगळ्याचं करता येतं.

पंख्याला बहुधा बेअरिंग बदलून किंवा स्क्रू आवळून भागतं. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसवा. ती मिळाली नाहीत तर क्रिकेट खेळून टाकून दिलेले टेनिस बॉल चिरून पायांत घाला. इन्व्हर्टरचा बीप ही सगळ्यात वाईट गोष्ट, कारण तो न सांगता वाजतो. पुष्कळ यंत्रांना तो गप्प करायचं बटण असतं, कंपनीच्या माणसाला विचारा. दगडी भिंती आणि शहाबादी फरशी असली की आवाज घुमतो. एका लांब भिंतीला जाड सतरंज्या, जाजमं, घोंगड्या लावल्या की घुमणं बरंच कमी होतं, शिवाय घोंगड्या मांडल्याही जातात. माडीवर पत्रा असेल तर आमच्या भागातल्या पावसात त्याखाली माणसाला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. जून ते सप्टेंबर अशा कुटुंबांना बोलावूच नका. कौलं असतील तर प्रश्न नाही.

आता उजेड. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. आपल्याला ते जाणवत नाही. काही स्वमग्न लोकांना जाणवतं, काहींचं डोकं दुखतं, आणि चोकची घूं घूं वेगळीच. "मग एलईडी बसवूया" असं कुणी म्हणालं तर घाई करू नका, स्वस्तातले एलईडीही फडफडतात. दुकानात दिवा लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून त्याचं चित्रण करा. पडद्यावर पट्टे सरकले किंवा उजेड धडधडला तर तो दिवा परत द्या. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. दुसरी गोष्ट पंख्याच्या वरच्या दिव्याची. पाती फिरली की खाली सगळ्या खोलीत सावली कापली जाते. आमच्याकडे तसा एक दिवा होता. तो भिंतीवर घेतला आणि पुढच्या वेळेस भाचीचा मुलगा पहिल्यांदा त्या खोलीच्या मध्यापर्यंत आला. त्याआधी तो भिंतीला धरून चालायचा आणि आम्ही त्याला भित्रा म्हणत होतो.

उजेड कमी करायला समितीतले जुने लोक तयार होत नाहीत. त्यांना सांगा, जुने कागद आणि कापड ह्यांना 50 लक्सपेक्षा जास्त उजेड देऊ नये असं संग्रहालयशास्त्रच सांगतं. म्हणजे मोडी दप्तरांनाही मंदच उजेड मानवतो. हा मुद्दा माझ्या कुठल्याही करुण गोष्टीपेक्षा जास्त चालला.

वासाचं लवकर उरकते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, फिनेल, ताज्या रंगाचा आणि पॉलिशचा वास, महाराजांच्या फोटोपुढची उदबत्ती. गोळ्या घातलेले कपडे निदान आठवडाभर आधी दुसऱ्या खोलीत हलवा, फरशी नुसत्या पाण्याने पुसा, रंगकाम त्या महिन्यात काढू नका. उदबत्ती पाहुणे गेल्यावर लावली तरी महाराज काही बोलणार नाहीत.

येण्याआधी सगळं सांगून टाका

नवीन जागी काय होणार हे माहीत नसणं, ह्याचाच त्रास सगळ्यात मोठा. म्हणून येण्याआधी घरी चित्रकथा पाठवायची. कॅरोल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने 1991 च्या सुमारास ही पद्धत मांडली आणि आता जगभरातली संग्रहालयं ती वापरतात. फोटो, खाली एक-दोन साधी वाक्यं, क्रमाने. आमची अशी आहे:

"मी वाचनालयाच्या माडीवर जाणार आहे. गेट निळं आहे. गेटच्या आत चपला काढतात. मला काढायच्या नसतील तर पायात कापडी पिशवी घालता येते. नंतर जिना आहे. जिन्याला दोरी आहे, ती धरता येते. वर एक मामा बसतात. ते हात जोडून नमस्कार करतात. मी काही बोललो नाही तरी चालतं. बाहेरच्या पडवीत जातं आहे. मी ते फिरवू शकतो. आतल्या खोलीत तलवारी काचेत आहेत. त्यांना हात लावता येत नाही. वीज गेली तर पंखा बंद होतो, मग थोड्या वेळाने परत सुरू होतो. मला बाहेर जायचं असेल तर मी पिवळं कार्ड दाखवतो. बाहेर जाऊन मी परत येऊ शकतो."

फोटो काढताना गुडघ्यावर बसा, म्हणजे मुलाला जसं दिसतं तसं दिसेल. संडासाचा फोटो घालाच. बसायचं भांडं भारतीय पद्धतीचं की कमोड, हे घरी कळलं नाही तर कित्येक आया मुलाला घेऊन यायचंच टाळतात, आणि ते तोंडाने कुणी विचारत नाही. "खूप मजा येईल" असं लिहू नका. मजा नाही आली तर तुम्ही खोटे ठरता, आणि ही मुलं शब्द लक्षात ठेवतात. गेटला नवा रंग दिला तर नवा फोटो पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो एकेक करून पाठवले की क्रम बिघडतो, त्यामुळे एकच पीडीएफ करा.

भाषेचं आपल्या भागात जरा बघून घ्यावं लागतं. घरी मराठी, शाळा कन्नड किंवा इंग्रजी, बेळगावात थेरपीला नेतात तिथले शब्द आणखी वेगळे. मूल कुठल्या शब्दावर थांबतं ते आईला विचारा. काही मुलांना "पुरे" कळतं, काहींना कन्नड "साकु". आमच्या कार्डावर चित्र मोठं आहे आणि खाली दोन्ही भाषा बारीक अक्षरात. पाट्यांवरून आपल्याकडे काय काय होतं ते सांगायला नको, पण चित्राला अजून कुणी काळं फासलेलं नाही.

ह्याच्याबरोबर एक नकाशा द्या. हाताने काढलेला चालतो. शांत खोल्यांना हिरवा, मधल्यांना पिवळा, गोंगाटाच्या जागांना लाल रंग. वास येतो तिथं नाकाचं चित्र. रंग भरण्याआधी सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना असं तीनदा फिरा, कारण शेजारी शाळा असेल तर साडेचारला हिरवी खोली लाल होते.

दारातला माणूस

सगळी तयारी दारातल्या माणसाच्या एका हाकेने वाया जाते. मी एका मोठ्या ठिकाणी पाहिलंय. पोराने कठड्याला हात लावला, रखवालदाराने तोंडातली शिट्टी फुंकली, आणि ते कुटुंब तिकीट काढून पाच मिनिटांत बाहेर. शिट्टी पहिली काढून घ्या. खरोखर, बाकी काही जमलं नाही तरी त्या दिवसापुरती शिट्टी कपाटात ठेवा.

आमचे मामा माजी सैनिक. मनाने लोण्याचे, आवाज परेड ग्राउंडवरचा. त्यांना मी म्हटलं, मामा, हळू बोला. ते म्हणाले, "काय वो बाई, हळूच बोललो की." ते खरंच हळू बोलत होते, त्यांच्या हिशोबाने. मग आम्ही असं ठरवलं की त्यांनी बोलायचंच नाही. हात जोडायचे, मग त्या हाताने खोलीची दिशा दाखवायची. हे त्यांना इतकं आवडलं की आता आमदार आले तरी ते तेच करतात.

दारातल्या माणसाला लांबलचक प्रशिक्षण देऊ नका. काय करायचं नाही तेवढं सांगा. न सांगता हात धरायचा नाही. झडती घ्यावीच लागत असेल तर आधी सांगायचं, "आता पिशवी बघतो," आणि मग बघायची. मूल डोळ्यात बघत नाही, हात फडफडवतं, तेच तेच वाक्य म्हणतं, म्हणून टक लावून बघायचं नाही. "एक ठेवून द्या, सरळ होतो" हे तोंडातून येता कामा नये, आणि आपल्या गावांत ते येतं, म्हणून आधीच सांगून ठेवायचं. गप्प करायला चॉकलेट किंवा कुंदा पुढे करायचा नाही, बरीच मुलं खाण्याच्या बाबतीत फार ठाम असतात. फोटो तर अजिबात काढायचा नाही. वर्तमानपत्रात द्यायला तरी एक काढूया असं सचिव म्हणतील. नाही.

एखाद्याला सगळं असह्य झालं, तो ओरडायला लागला, जमिनीवर पडला, तर तो हट्ट नव्हे. त्या वेळी त्याला आवरायचं नाही, बाकीच्यांना आवरायचं. लोकांना शेजारच्या खोलीत न्या, पंखा आणि दिवा बंद करा, टणक किंवा धारदार काही जवळ असेल तर सरकवा, आणि दोन-तीन हात लांब उभे राहा. बोलू नका. आईला एकदाच सांगा की बाजूचं दार उघडं आहे. सगळं शांत झाल्यावर "आता बरं वाटतंय का, बाळा" असं चौघांनी विचारायचं नाही.

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. काही स्वमग्न मुलं एकदम पळत सुटतात, आणि त्यांना पाण्याची ओढ असते. परदेशात अशा हरवलेल्या मुलांचे मृत्यू बहुतेक बुडूनच होतात. वाड्यात आड असेल, मागे टाकी असेल, तर त्यावर जाळी बसवल्याशिवाय कुणाला बोलावूच नका. माडीच्या खिडक्यांना गज आहेत का बघा. पाहुणे आत असतील तोवर एक माणूस गेटवरच, त्याला दुसरं काम नको, चहा आणायलाही पाठवायचा नाही.

हात कशाला लावू द्यायचा

इथं मात्र थोडं आणायला हरकत नाही, आणि ते बहुधा तुमच्याकडे असतंच.

आमचं जातं बाहेरच्या पडवीत मांडलंय. पहिल्या दिवसापासून ते तिथंच आहे, आणि आमच्या सगळ्या संग्रहात तेच सगळ्यात जास्त बघितलं जातं. येळ्ळूरकडचा एक मुलगा, असेल बारा-तेरा वर्षांचा, उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. कानावर हात, मान खाली. मी त्याच्याशी काही बोलले नाही, जात्याजवळ बसून मूठभर जोंधळा घातला आणि दोन फेरे काढले. तो बराच वेळ वरच्या तळीकडे बघत उभा राहिला. मग येऊन खुंट्याला हात लावला. आधी दोन बोटं, मग पूर्ण मूठ. जात्याला पहिला हिसका जोराचा लागतो, नंतर ते स्वतःच्या वजनाने फिरतं. ते त्याला लगेच कळलं. त्याने दुसरा हात कानावरून काढला तो खुंट्यावर ठेवायला. पीठ कडेने पडत होतं, आई म्हणत होती पुरे आता, आणि तो दर फेऱ्याला खांदा पुढे टाकत होता. मग थांबला, हात झटकले आणि कुणाकडे न बघता सरळ आत जाऊन तलवारींपुढे उभा राहिला.

ह्यात जादू काही नाही. ओढणं, ढकलणं, जड उचलणं ह्याने स्नायूंना आणि सांध्यांना जी जाणीव मिळते तिने पुष्कळ स्वमग्न लोकांना स्थिर वाटतं. ऑक्युपेशनल थेरपीवाले हेच वापरतात, फक्त त्यांच्याकडे रबरी चेंडू आणि वजनाची जाकिटं असतात. आपल्याकडे जातं आहे, घुसळायची रवी आहे, पाणी शेंदायचा रहाट आहे, फक्त तो आडावरचा नको. पण लक्षात ठेवा, एकाला निवांत करणारी घरघर दुसऱ्याला नकोशी होते. म्हणून जातं पडवीत, आतल्या खोलीत नाही.

जात्याशिवाय एका टेबलावर पायली, शेर, मापटं आणि परातीत जोंधळा ठेवा. मापात भरायचा, ओतायचा, परत भरायचा. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली, तिथल्या कुंभाराकडून न भाजलेली दोन भांडी आणि मातीचा गोळा आणा. घोंगडीचा एक तुकडा ठेवा, काही मुलं तो गालाला लावतील, काही किंचाळून फेकतील, दोन्ही ठीक. ज्याला हात लावायचा त्यावर हिरव्या पंज्याचं चित्र, बाकीचं काचेआड किंवा दुसऱ्या खोलीत. एकाच टेबलावर एक भांडं हात लावायचं आणि शेजारचं नाही, असला नियम साध्या मुलांनाही पाळता येत नाही.

शिकारीचा पेंढा भरलेला बिबट्या किंवा गव्याचं मुंडकं असेल तर ते मात्र कुणालाही शिवू देऊ नका. जुन्या काळी अशा कातड्यांना कीड लागू नये म्हणून संखिया, म्हणजे सोमल हे विष, चोळायचे. तो अजूनही तिथंच असतो.

बसायची जागा

मोठ्या शहरांत ह्याला खास खोली करतात, रंगीत बुडबुड्यांचे दिवे वगैरे. आमच्या समितीतल्या एकाला तेच हवं होतं. मी म्हटलं, जो उजेड आणि हालचाल चुकवायला मूल तिथं जाणार, तीच तिथं आणून ठेवता का?

एक कोपरा पुरतो. पाठीला भिंत, खाली सतरंजी, एक जड गोधडी, आणि बाहेरचं दार तिथून दिसलं पाहिजे. पडदा असावा, कडी नसावी. बाकीचे पाहुणे तिथून ये-जा करणार नाहीत अशी जागा. वाड्यात झोपाळा असेल तर फारच उत्तम, कड्या मात्र आधी जड माणसाला बसवून तपासा. आणि तो कोपरा सामान ठेवायला वापरू नका. दोन महिन्यांत तिथं सतरंज्यांच्या वळकट्या आणि गणपतीची आरास येऊन पडते, मला माहीत आहे.

कान झाकायचे हेडफोन दोन-तीन ठेवा. त्यासाठी ऑनलाइन महागडं काही मागवायचं कारण नाही. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांतल्या कामगारांसाठी जे इअरमफ मिळतात तेच. आवाज साधारण वीस-पंचवीस डेसिबलने कमी करतात, ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. लहान डोक्याला घट्ट बसतात ना ते बघून घ्या, आणि प्रत्येक वेळी पुसून ठेवा.

दिवस कुठला

महिन्यातून एक रविवार सकाळी, नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी, मोजकी कुटुंबं. बाजाराचा दिवस नको. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, तेव्हा नको. गणपतीत नको. टिळकांनी 1905 मध्ये बेळगावात सार्वजनिक गणपती बसवला तेव्हा ढोल असतील, डीजे नव्हता. वैशाखात बेळगावची शिवजयंती आणि चित्ररथ, त्याही आठवड्यात नको.

पण हा खास तास झाला म्हणजे इतर दिवशी ही मंडळी यायची नाहीत, असं होऊ देऊ नका. काही ठिकाणी नेमकं तेच होतं. "तुमचा रविवार आहे की," असं दारात ऐकवतात. हेडफोन, कार्ड, कोपरा आणि बाहेर जाऊन परत यायची मुभा रोज हवी. आणि कुणाकडे अपंगत्वाचं कार्ड मागू नका. अजून प्रमाणपत्र न काढलेली मुलं पुष्कळ आहेत, आणि मोठी माणसं तर कितीतरी, ज्यांना आपण स्वमग्न आहोत हेही उशिरा कळलं.

आईवडिलांसाठी थोडं

छोट्या जागेपासून सुरुवात करा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती चांगली. 1204 मधलं जैन मंदिर, छतात दगडी कमळ, आत गारवा, आणि गर्दी नसते तेव्हा फार शांत. मूल मान वर करून छताकडे बघत बसलं तर बसू द्या, बाकी किल्ला बघायचा राहिला तरी चालेल.

कित्तूरला राजवाड्याचं आवार मोकळं आहे, पळायला जागा आहे, आणि संग्रहालयातल्या शस्त्रांपुढे रमणारी मुलं पुष्कळ. मात्र ऑक्टोबरच्या 23 तारखेच्या आसपास जाऊ नका. 1824 मध्ये त्या दिवशी राणी चन्नम्मांच्या सैन्याने कंपनी सरकारचा कलेक्टर थॅकरे ह्याला मारलं, त्याचा उत्सव असतो, लाउडस्पीकर असतात.

विजापूरच्या गोल घुमटाचं सांगते, कारण सगळे मुलांना तिथंच नेतात. वरच्या सज्जात एकाने टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा घुमून येते, आणि वर शंभर जण एकदम ओरडत असतात. ज्याला आवाज सहन होत नाही त्याच्यासाठी ह्या मुलखात ह्याहून वाईट जागा नसेल. उघडता उघडता पोहोचलात तर निभावतं. नाहीतर वर चढूच नका, समोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे तिथं जा: शिलालेख, चिनी मातीची भांडी, गालिचे. जिथं नगारे वाजायचे तीच आता सगळ्यात शांत जागा. ते संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

निघण्यापूर्वी मुलाला घड्याळ दाखवून सांगा किती वेळ थांबायचं, आणि तेवढा वेळ झाला की निघा. मूल रमलंय म्हणून लांबवू नका. घरून पाण्याची ओळखीची बाटली घ्या. तिकिटाच्या रांगेत एकाने उभं राहावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन झाडाखाली.

समितीला पटवायचं तर

कायदा हाताशी असू द्या. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि स्वमग्नतेचं नावही नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते आलं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये ते स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या 29 व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक ह्यांचा हक्क दिलाय. आमचे अध्यक्ष म्हणाले, "ते सरकारला, आपल्याला कुठं?" खरं आहे, छोट्या वाचनालयावर कुणी खटला घालायला येणार नाही. पण अनुदानाच्या अर्जात हे कलम लिहिता येतं, हे सांगितल्यावर त्यांचे कान टवकारले.

खर्च विचारतील. आमच्याकडे मोठा खर्च दिव्यांचा आणि आडावरच्या जाळीचा. बाकी सतरंज्या होत्या, जातं होतं, टेनिस बॉल पोरांनी दिले.

कुटुंब निघताना दारात "कसं वाटलं?" विचारू नका. आई दमलेली असते, ती "छान" म्हणणार आणि रिक्षा शोधणार. दुसऱ्या दिवशी फोन करा आणि एकच विचारा, कुठं थांबावं लागलं. बोलणाऱ्या स्वमग्न मोठ्या माणसांना शक्य असेल तर समितीच्या बैठकीलाच बोलवा, त्यांना जे दिसतं ते आईबापांनाही दिसत नाही. आमच्याकडे एका तरुणाने सांगितलं की जिन्याच्या दोरीला ओलसर वास येतो. आम्ही रोज ती दोरी धरून चढत होतो. जे कळेल ते वहीत तारखेनिशी लिहा आणि पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त करा. इलेक्ट्रिशियनचं काम असेल तर श्रावण लागायच्या आधी सांगा. एकदा गणपतीच्या मंडपांची कामं लागली की तो दसऱ्यापर्यंत फोन उचलत नाही.